मिगचे पंख त्रिकोणी का?

नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ज्याची वर्षानुवर्षे बांधणी झाली, ते मिग-21 विमान 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला हवाई दलातून निवृत्त झाले. मुलांनी टीव्हीवर ते पाहिले असेल. त्याचे पंख प्रवासी विमानासारखे लांब नव्हते. आखूड, त्रिकोणी होते. का?

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उभे राहून वेगाने जाणारी होडी पाहा. तिच्या टोकापासून पाण्यात दोन तिरप्या लाटा निघतात. वेग वाढला की त्या जवळ येतात. आवाजापेक्षा, म्हणजे समुद्रसपाटीला ताशी सुमारे 1,225 किलोमीटरपेक्षा, जास्त वेगाने जाणारे विमान हवेत असाच शंकू तयार करते. पुढच्या हवेला बाजूला सरायला सवडच मिळत नाही. ती एकदम दाबली जाते आणि विरोध खूप वाढतो. सरळ पंख हा मारा समोरून झेलतो. मिगच्या पंखाची कड 57 अंश मागे वळलेली होती. त्यामुळे हवा तिरपी लागते आणि कडेवर काटकोनात येणारा वेग जवळजवळ निम्मा होतो. त्रिकोणाचा रुंद पाया विमानाच्या अंगाला घट्ट जोडलेला असतो, म्हणून पंख पातळ ठेवूनही मजबूत राहतो.

पण याची किंमत उतरताना मोजावी लागते. कमी वेगात असा पंख पुरेसा उचलत नाही. म्हणून मिग ताशी 300 किलोमीटरच्या आसपास वेगाने धावपट्टीवर यायचे. नवशिक्या वैमानिकाला चूक सुधारायला क्षणही मिळत नसे. मधल्या टप्प्याचे हॉक हे प्रशिक्षण विमान आपल्याकडे आले ते 2008 मध्ये. अपघातांना इंजिनातील बिघाड, पक्ष्यांची धडक अशी इतर कारणेही होती. पण अनेक घरांतले तरुण मुलगे गेले, हे विसरता येत नाही.

त्याच ओझरमधून 17 ऑक्टोबर 2025 रोजी तिथे बांधलेले पहिले तेजस उडाले. त्याचाही पंख त्रिकोणीच; मात्र मिगच्या 23 चौरस मीटरच्या जागी 38, आणि तोल सांभाळायला संगणक.

या सुट्टीत मुलांना कागदाची दोन विमाने करायला सांगा, एक निमुळते, एक रुंद. दोन्ही हळूच सोडा. कोणते आधी खाली येते आणि का, याचे उत्तर त्यांनाच शोधू द्या.