संकेतस्थळ उभे राहिले. पत्र मात्र पोचले नाही

१९०१ सालची घटना चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आमच्या मिरजेला पुण्याहून येणाऱ्या लोहमार्गावर मसूर नावाचे स्टेशन आहे. लहानगा भीमराव आपल्या भावंडांसोबत साताऱ्याहून निघून त्या स्टेशनवर उतरला. वडील गोरेगावला नोकरीला होते. ते न्यायला येतील या आशेवर मुले थांबली. कोणीच आले नाही. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला, गाडीवान मिळेनात. शेवटी दुप्पट भाडे द्यावे लागले, आणि गाडी मुलांनी हाकायची व गाडीवानाने बाजूने चालायचे असा सौदा ठरला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात बाबासाहेबांनी हे सारे लिहून ठेवले आहे. त्यातच एक साधी बाब नमूद आहे. येत असल्याचे पत्र मुलांनी आधीच पाठवले होते, पण वडिलांचा शिपाई ते त्यांच्या हाती द्यायला विसरला!

त्या रात्रीच्या अपमानाचे कारण जात होती, पत्र नव्हे, हे वेगळे सांगायला नको. परंतु पत्र पोचले असते तर वडील स्टेशनवर हजर असते आणि मुलांना ती रात्र काढावी लागली नसती. लिहिलेले पत्र आणि पोचलेले पत्र यांत एवढे अंतर असते. आज हे आठवण्याचे कारण म्हणजे आपल्या चळवळीची संकेतस्थळे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या तरुणांनी किती संकेतस्थळे काढली, याची मोजदाद नाही. १४ एप्रिलला उद्‍घाटन होते, पाहुणे कळ दाबतात, टाळ्या पडतात. पहिल्या पानावर बाबासाहेबांचे छायाचित्र, तथागतांची मूर्ती, पदाधिकाऱ्यांची यादी. पुढच्या जयंतीपर्यंत त्यात एका ओळीचीही भर पडत नाही. दोन-तीन वर्षांनी नावाचे वार्षिक भाडे भरायचे राहते आणि संकेतस्थळ बंद पडते. मग आपण म्हणतो, “आपले लोक वाचत नाहीत.” हा आरोप खरा आहे काय? माझ्या मते साफ खोटा आहे. ज्या समाजाच्या हजारो माणसांच्या पिशव्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवरून पुस्तकांनी भरून घरी येतात, तो समाज वाचत नाही असे म्हणणे हा त्याचा अवमान आहे. लोक वाचतात. आपण त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

पोचलो नाही तर काय बिघडते? वकील म्हणून एक उदाहरण देतो, तेही आपल्याच भागातले. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या फिर्यादीतून निघालेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात २० मार्च २०१८ रोजी निकाल लागला. अॅट्रॉसिटीच्या फिर्यादीवर आधी प्राथमिक चौकशी आणि अटकेआधी वरिष्ठांची मंजुरी, असे निर्देश त्यात होते. त्याविरुद्ध २ एप्रिल २०१८ रोजी भारत बंद झाला. कोणत्याही मोठ्या पक्षाच्या तिजोरीवाचून त्याची हाक हातातल्या मोबाईलवरून देशभर गेली. अनेकांनी त्या दिवशी प्राण गमावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात कलम १८-अ घातले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी कलम १८-अ वैध ठरवले. म्हणजे आज गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही. लोकसेवकाने कर्तव्यात जाणूनबुजून कसूर केली तर कलम ४ खाली त्यालाच सहा महिने ते एक वर्षाची शिक्षा होऊ शकते.

आता कल्पना करा. एखाद्या वस्तीवर हल्ला झाला आहे. ठाण्यात सांगतात, “आधी चौकशी करू, मग बघू.” घरातला बारावीचा मुलगा मोबाईलवर शोधतो आणि त्याच्यासमोर मार्च २०१८ ची जुनी बातमी येते. त्याला वाटते, ठाणेदार बरोबरच सांगतो आहे. कुटुंब परत फिरते. जो हक्क रक्त सांडून परत मिळवला, तो केवळ जुने पान वर आणि नवे पान खाली राहिल्यामुळे हातचा जातो! संकेतस्थळावर वाचक येणे ही प्रसिद्धीची हौस नाही, हा न्यायाचा प्रश्न आहे.

मग वाचक आणायचे कसे? येथे आपला पहिला घात पैशाच्या मार्गाने होतो. आम्ही काही मित्रांनी काही वर्षांपूर्वी कायदेविषयक माहितीचे संकेतस्थळ काढले. एका गृहस्थाने ‘वाचक आणून देतो’ म्हणून पैसे घेतले. आकडा दररोज वाढू लागला, आम्ही हरखलो. पण खाली दिलेल्या क्रमांकावर महिनाभरात एकही फोन आला नाही. आकडा होता, माणसे नव्हती. वर्गणीचे पैसे पाण्यात गेले. त्यानंतर आम्ही जे शिकलो ते फुकटात शिकलो, आणि तेच येथे मांडतो.

पहिली गोष्ट, मजकूर मजकुराच्या रूपात ठेवा. आपल्याकडे अजूनही जुन्या छापखानी फॉन्टमधला मजकूर तसाच चढवतात किंवा पत्रकाचा फोटो टाकतात. शोधयंत्राला त्यातली अक्षरे नीट लागत नाहीत. लेख युनिकोड देवनागरीत टंकलिखित करा. बाबासाहेबांचे शासनाने छापलेले इंग्रजी खंड केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण जाडजूड खंड उतरवून घेऊन त्यातले नेमके पान मोबाईलवर शोधणे सामान्य विद्यार्थ्याला जमते काय? याउलट अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. फ्रान्सिस प्रिचेट यांनी ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आणि ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे ग्रंथ भाग पाडून, साध्या मजकुरात सर्वांसाठी खुले केले. त्या पानांवर भपका नाही, तरी जगभरचे वाचक तेथे जातात. मराठीत अशी किती पाने आपण केली?

दुसरी गोष्ट, लोक ज्या शब्दांत विचारतात त्या शब्दांत मथळा द्या. ‘अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ : एक चिंतन’ असे कोणी शोधत नाही. लोक ‘पोलीस एफआयआर घेत नाहीत, काय करावे’ असे शोधतात. ‘जातीच्या दाखल्याला १९५० चा पुरावा कुठे मिळतो’, ‘बौद्ध असल्यावर दाखला कसा निघतो’ असे विचारतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या. त्यासंबंधीचे प्रश्न दर जूनमध्ये हजारो घरांत निघतात. त्यांची उत्तरे आपण द्यायची नाहीत तर कोणी द्यायची? एका प्रश्नाला एक पान आणि पहिल्या परिच्छेदातच उत्तर, एवढे केले तरी वाचक आपणहून येतो. कोणत्या शब्दांवरून लोक आले हे गूगलचे ‘सर्च कन्सोल’ हे साधन विनामूल्य दाखवते. ते महिन्यातून एकदा पाहावे आणि ज्या प्रश्नाला आपल्याकडे पान नाही ते लिहायला घ्यावे.

तिसरी गोष्ट, पाने ताजी ठेवा आणि तारीख घाला. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलम १५४ चे १७३ झाले, अटकपूर्व जामिनाच्या ४३८ चे ४८२ झाले. आपली किती पाने बदलली? चुकीचे पान हे नसलेल्या पानापेक्षा घातक असते.

चौथी गोष्ट, आपले रस्ते वापरा. जयंतीचे पत्रक, विहारातला फलक, मंगल परिणयाची पत्रिका, दिनदर्शिका हे सारे आपण छापतोच. त्यावर संकेतस्थळाचा पत्ता आणि क्यूआर कोड घालायला जादा खर्च येत नाही. पण तो कोड पहिल्या पानाचा नको. ‘शिष्यवृत्ती अडली काय?’ अशा नेमक्या प्रश्नाच्या पानाचा हवा. व्हॉट्सअॅपवर आपण पूर्ण लेख चिकटवतो, लेखकाचे नाव गळते, पुढे कोणी त्यात बाबासाहेबांच्या नावाने खोटे वाक्यही घालतो. त्याऐवजी दोन ओळींचा सारांश आणि दुवा पाठवावा.

पाचवी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि आपल्याला सर्वांत अवघड आहे. एकमेकांचे दुवे द्या. दुसऱ्या विश्वासू संकेतस्थळांनी दुवा दिला की शोधात आपले स्थान वर चढते. पण या गटाचे संकेतस्थळ त्या गटाचे नावही घेत नाही! रिपब्लिकन ऐक्याचे काय व्हायचे ते होवो, निदान दुव्यांचे ऐक्य करायला कोणाच्या खुर्चीला धक्का लागतो?

कोणी म्हणेल, आता शोधले की यंत्रच उत्तर लिहून देते, मग संकेतस्थळावर येणार कोण? गूगलने २०२४ मध्ये भारतातही अशी उत्तरे शोधाच्या वर दाखवायला सुरुवात केली, हे खरे. काही वाचक त्यामुळे कमी होतील. पण यंत्र हे उत्तर जगात जे लिहिलेले सापडते त्याच्या आधाराने बनवते. आपण मराठीत बिनचूक लिहिले नाही तर ते इतरांचे लिहिलेले आपल्या मुलांना सांगणार. म्हणून यशाचे माप केवळ आलेल्यांचा आकडा असू नये. किती जणांचा गुन्हा नोंदला गेला, किती दाखले निघाले, हे माप असावे.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. म्हणजे पैसे मोजायची तयारी असूनही रस्ता बंद होता. तरीही ‘मूकनायक’ माणसामाणसांतून पोचला. पुढे ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकहाती लिहून काढले. आज कोणी आपली वाट अडवून धरलेली नाही. कमी आहे ती रोज अर्धा तास बसून एक प्रश्न आणि त्याचे एक उत्तर नीट लिहिणाऱ्या माणसांची. मिरज-सांगलीत शिकलेले वकील, शिक्षक, परिचारिका, बँक कर्मचारी आपल्यात थोडे नाहीत. प्रत्येकाने आपल्या कामातला एकच प्रश्न निवडावा. येत्या १४ एप्रिलला नव्या संकेतस्थळाचे उद्‍घाटन नको, जुन्यावर शंभर प्रश्नांची उत्तरे हवीत.

मसूरच्या स्टेशनवर आजही कोणी ना कोणी वाट पाहत उभे आहे. पत्र लिहून झाले म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. ते हाती पडले की नाही, हे पाहणे हेच काम आहे.

जय भीम!