राखीव नावे

आपल्या भाषेत काही शब्द असे आहेत की, ते शब्दकोशात असतात, पण तिन्हीसांजेनंतर तोंडात नसतात. सापाला रात्री साप म्हणायचे नाही. 'जनावर' म्हणायचे, फार तर 'लांबडे' म्हणायचे. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. दुकान बंद करायचे नाही, वाढवायचे. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. घरातून निघालेला माणूस 'जातो' म्हणाला, तर वडीलधारी माणसे त्याला उंबऱ्यावरून परत बोलावतात आणि 'येतो' म्हणायला लावतात. आणि नवऱ्याचे नाव तर काय, ते उखाण्याच्या डबीतच ठेवलेले असायचे! आमच्या मालवणात एक आजी होत्या. त्यांच्या यजमानांचे नाव आणि घरच्या देवाचे नाव एकच. त्यामुळे सारे घर आरतीत रंगले की, आजी मात्र त्या एका शब्दापाशी ओठ मिटून घेत आणि पुढच्या शब्दापासून पुन्हा सूर धरीत. देवाला त्यांची अडचण कळत असावी.

वर्गात मी हा विषय दरवर्षी शिकवतो. मुले हसतात. 'सर, हे जुन्या लोकांचे खूळ. आता यंत्राचे युग आहे,' असे एखादा तरी म्हणतोच. त्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी आज ही गोष्ट सांगतो. कारण यंत्रालाही उच्चारू न देण्याची नावे असतात, आणि ती मोडली तर यंत्र आजीपेक्षा कडक वागते.

ज्यांची मुले महाराष्ट्रात कॉलेजात शिकतात, त्यांना 'पीआरएन' ही तीन अक्षरे पाठ असतील. पर्मनंट रजिस्ट्रेशन नंबर, म्हणजे विद्यापीठाने विद्यार्थ्याला दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक. परीक्षेच्या अर्जावर तो, हॉलतिकिटावर तो, गुणपत्रिकेवरही तोच. आता कुणी अशा क्रमांकांची यादी विंडोजच्या संगणकावर तयार केली आणि त्या फाइलला रोमन लिपीत नुसते 'पीआरएन' असे नाव द्यायला गेला, तर काय होईल? विंडोज १० पर्यंत तरी यंत्र ते नाव साफ नाकारते. या साधनाचे नाव चालणार नाही, अशा अर्थाची एक कोरडी ओळ पडद्यावर उमटते. बिचारा माणूस कोड्यात पडतो. साधन कसले? मी तर यादीला नाव देतो आहे!

याचे उत्तर इतिहासात आहे. १९८१ साली आयबीएम कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला आणि त्याच्याबरोबर डॉस नावाची कार्यप्रणाली आली. त्या डॉसमध्ये काही नावे घरच्या गड्यांसाठी राखून ठेवली होती. 'कॉन' म्हणजे कळफलक आणि पडदा. 'पीआरएन' म्हणजे छपाईयंत्र. 'ऑक्स' म्हणजे जादा जोडणीची जागा. 'कॉम' आणि 'एलपीटी' यांच्यापुढे १, २ असे आकडे लावले की, ती निरनिराळ्या पोर्टांची नावे होत. आणि 'नल' म्हणजे काहीच नाही. त्यात टाकाल ते नाहीसे होते. हा नल दमयंतीचा नव्हे. याला आपला मोरीतला नळ समजावे, फक्त उलटा: यातून येत काही नाही, जाते मात्र सगळे.

पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हते. सगळ्या फाइली एकाच ओसरीवर पसरलेल्या, म्हणून ही नावे सगळीकडे लागू होती. १९८३ साली दुसरी आवृत्ती आली, फोल्डर आले, घराला खोल्या झाल्या. पण तोवर लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम त्या नावांवर विसंबून होते. ते मोडू नयेत म्हणून राखीव नावे प्रत्येक खोलीत राखीवच राहिली. शिवाय काही प्रोग्रॅम फाइलच्या नावाला आपण होऊन शेपूट जोडीत. त्यांचीही सोय पाहिली गेली, म्हणून शेपूट लावलेले नावही तेवढेच निषिद्ध ठरले. सुनेने सासऱ्यांच्या नावापुढे 'राव' लावले म्हणून दोष जातो थोडाच?

आमच्या एसटीत आमदारांसाठी आसन राखीव असते. मी कणकवली-मालवण रस्त्यावर आयुष्यभर प्रवास केला, पण त्या आसनावर आमदार बसलेले पाहण्याचा योग अजून आलेला नाही. मात्र एसटी समजूतदार आहे. आमदार आले नाहीत, तर कोळणीची टोपली घेऊन तिथे खुशाल बसता येते. संगणकाला ही समजूत नाही. एलपीटी नावाचे ते छपाईयंत्राचे पोर्ट आज घरच्या संगणकाला बहुधा नसतेच. पण त्याची जागा राखीव! पोर्ट म्हणजे बंदर. आणि बंदराचे म्हणाल, तर ते आम्हां मालवणकरांना कळते. मुंबईहून येणाऱ्या प्रवासी बोटी बंद होऊन किती काळ लोटला. आता धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या सुटतात. तरी म्हातारी माणसे संध्याकाळी 'बंदरार जावन येतंय' असेच म्हणतात. नाव मागे राहते. बोट निघून जाते.

इथवर गंमत झाली. पण यात गंमतीपलीकडचे काही आहे, आणि त्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

आंबोलीचा घाट चढून आजऱ्यावरून पुढे गेले की, गडहिंग्लज तालुका लागतो. त्या तालुक्यात नूल नावाचे गाव आहे. रोमन लिपीत ते कुणी दोन 'ओ' घालून लिहितात, तर कुणी नुसते 'एन-यू-एल' असे लिहितात. समजा, एखाद्या उत्साही मुलाने गावोगावच्या ओव्या जमवायला घेतल्या. प्रत्येक गावाची एक फाइल व्हावी, असा छोटासा प्रोग्रॅम त्याने लिहिला. आजऱ्याची फाइल झाली, गडहिंग्लजची झाली. नूलची पाळी आली. नाव 'एन-यू-एल', पुढे टेक्स्टचे शेपूट. जुन्या विंडोजवर यंत्र त्या वेळी तक्रार करीत नाही, हेच वाईट. ते फाइल उघडल्याचे सांगते, लिहून घेतल्याचे सांगते, मिटल्याचेही सांगते. आणि ठेवीत काहीच नाही. नूलच्या एखाद्या म्हातारीने जात्यावर बसून आठवून आठवून सांगितलेल्या ओव्या त्या उलट्या नळातून निघून जातात. मुलगा घरी येऊन समाधानाने झोपतो. पुढे दोन वर्षांनी कुणी ती फाइल मागितली, तेव्हा म्हातारी असेलच असे कुठे आहे?

नाकारणे परवडले. नाकारले की माणूस दुसरे नाव शोधतो. होकार देऊन गिळून टाकणे, हे भयंकर.

म्हणून शहाणे लोक लिहिण्याआधी नाव तपासून घेतात. पायथन ही संगणकाची भाषा आज शाळाकॉलेजांतून शिकवतात. पायथन म्हणजे अजगर. ज्याचे नाव आपण रात्री घेत नाही, तोच निषिद्ध नावांची यादी बाळगून बसला आहे, हा योग मोठा मौजेचा. (वस्तुतः हे नाव मॉन्टी पायथन या इंग्रजी विनोदी मंडळीवरून पडले.) फाइलींचे पत्ते हाताळणारा तिचा एक ग्रंथालय-विभाग २०१४ पासून आहे, आणि नाव राखीव आहे का, हे विचारण्याची सोय त्यात होती. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.१३ या आवृत्तीत त्यासाठी नवे आणि अधिक काटेकोर साधन दिले आहे, आणि जुने निवृत्तीच्या वाटेला लावले आहे.

ते तपासते कसे, हे गृहिणींना चटकन कळेल, कारण ते तांदूळ निवडण्यासारखे आहे. पत्त्याचा एकेक तुकडा सुपात घ्यायचा. शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असली, तर तो खडा. मध्ये अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा तारा असला, तरी खडा. मग पहिल्या टिंबापासून पुढचे शेपूट काढायचे, उरलेली अक्षरे मोठ्या लिपीत करायची आणि राखीव नावांच्या यादीशी ताडून पाहायची. 'पीआरएन', टिंब, '२०२५' असे लिहून फसवता येत नाही. टिंबापुढचे गळते आणि चोर सापडतो. इतकेच काय, 'कॉम'च्या डोक्यावर बारीक १ चढवला, तरी तो ओळखला जातो.

आणि एवढे करूनही त्या साधनाच्या माहितीपत्रात नम्रपणे म्हटले आहे की, हे नियम ढोबळ आहेत. विंडोजच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत ते बदलत आले आहेत. विंडोज ११ ने काही बंधने सैल केलीही आहेत. म्हणजे सून आता नवऱ्याला नावाने हाक मारू लागली आहे. पण आजेसासूबाई समोर असल्या, तर जपून! आपली फाइल उद्या कुणाच्या जुन्या यंत्रावर जाईल, हे सांगता येत नाही. सावध माणूस घरातल्या सर्वांत जुन्या माणसाचा मान राखून बोलतो.

आजींनी ओठ मिटले, तरी आरती अडली नाही, कारण त्यांना कुठे थांबायचे ते ठाऊक होते. आपल्या मुलांनाही तेवढे ठाऊक असले म्हणजे झाले. यादी करायची असेल, तर 'पीआरएन'ला चिकटून 'यादी' हा शब्द जोडावा, मध्ये टिंब देऊ नये. गावाच्या नावाआधी तालुक्याचे नाव लिहावे. नाहीतर सरळ देवनागरीत 'पीआरएन' लिहावे, 'नूल' लिहावे. त्या जुन्या यादीत रोमन अक्षरेच आहेत. आपली एकही त्यात राखीव नाही. नूलच्या ओव्या नूलच्याच लिपीत ठेवल्या, तर यंत्र त्या मुकाट्याने सांभाळते.