पाळणाघर चालवता, आणि घरचंच मूल आजारी पडलं तर?

अंथुर्ण्यासारख्या गावात घरी पाळणाघर चालवणाऱ्या बाईची सकाळ घड्याळावर चालते. बारामतीला किंवा वालचंदनगरला नोकरीस जाणारी आई बाळ सोपवून एस.टी. गाठणार असते. नेमकं त्याच दिवशी आपल्या मुलाचं अंग गरम लागलं, तर ‘एका दिवसानं काय होतंय?’ असं मनात येतंच. पण इथे झाकपाक नको.

साधं सर्दी-पडसं असेल आणि मूल खेळत असेल तर चालेल. ताप, जुलाब किंवा अंगावर पुरळ दिसलं, की पाळणाघर बंद. औषधाशिवाय २४ तास ताप आला नाही, जुलाब थांबून दोन दिवस झाले, की पुन्हा सुरू करा. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत थांबा. त्या पुरळ उठण्याआधी एक-दोन दिवसच पसरू लागतात, म्हणून त्या दिवसांत आलेल्या सगळ्या मुलांच्या आयांना कळवा. एखादी गरोदर असेल तर तिला सर्वांत आधी. तिनं लगेच डॉक्टरांना विचारायला हवं.

हे नियम, बंद दिवसांच्या पैशांसह, मूल ठेवून घेतानाच ठरवा. शंका आली की रात्रीच फोन करा, म्हणजे त्या आईला रजा टाकता येईल किंवा आजीला बोलावता येईल.

चार दिवसांची कमाई बुडते, हे खरं. पण लपवलेलं दुखणं चार घरांत पोचलं, तर तुमच्याकडे बाळ ठेवायला कोण धजेल? शिवाय आजारी लेकराला तुम्हीही हव्याच असता ना!