आधी टायर, मग ऐट



माझी जर्मन गाडी चार दारांची, पण पळते शर्यतीच्या घोड्यासारखी. ताकद मागच्या चाकांना, पेट्रोल ९१ ऑक्टेनचे, महाग! मिसिसागात पहिला बर्फ पडला आणि मराठी वर्गाला येताना चढावर हा घोडा अडला. मागे घसरू लागला. मागच्या सीटवरून लेक ओरडली, "बाबा!"

उन्हाळी टायरचे रबर ७ अंशांखाली कडक होते, पकड सुटते. क्वेबेकमध्ये २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ऑन्टॅरिओत नाहीत, म्हणून मी टाळले. चूक गाडीची नव्हे, माझीच.

आधी शिदोरी, मग जेजुरी; तसे आधी चार हिवाळी टायर, मग ऐट. मागे आपली मुले बसतात!