पाणी आहे, मग वारा कशाला?

मंडळी, हल्लीची पोरं अभिमानानं सांगतात, "आमचा कॉम्प्युटर पाण्यावर थंड होतो." उत्तम! पण पाणी उष्णता गिळत नाही हो, नुसतं वाहून नेतं. प्रोसेसरपासून उचलायची आणि रेडिएटरपाशी टाकायची, संपलं त्याचं काम. पुढे तिला बाहेर काढते ती हवाच. वैशाखात खोलीत ३८ अंश असतील, तर ते पाणीही ३८ च्या खाली जाणार नाही. शाळेत वहन, अभिसरण, प्रारण घोकलं ते काय परीक्षेपुरतंच?

आणि पंखे निवडताना बघतात काय, तर दिवे! समोर अख्खी काच, आत सहा रंगीत पंखे, हवा शिरायला मात्र बोटभर फट. खिडक्या बुजवून छताला पंखे टांगण्यातलाच हा प्रकार. पैसे आईबापांचे, म्हणून जास्त बोलतो.

साधी गोष्ट आहे. गार हवा समोरून आत, गरम हवा मागून-वरून बाहेर. रेडिएटर वर लावलात तर ग्राफिक्स कार्डाला समोरून ताजी हवा मिळते. समोर लावलात तर रेडिएटरची तापलेली. मात्र पंप सगळ्यात उंच ठेवू नका, बुडबुडे त्यातच जमतात. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त असू द्या आणि तिच्या वाटेवर जाळी लावा, म्हणजे धूळ फटींतून शिरत नाही. जाळी अधूनमधून झटका.

याला पैसा फारसा लागत नाही, विचार लागतो. तो दुकानात मिळत नाही, हीच पंचाईत!

असो.