शिकवणाऱ्याचे पाय बाजूला घ्या

मुंबईच्या उपनगरांत गाडी शिकवण्याच्या नावाखाली जे चालतं, त्याला मी फसवणूक म्हणतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि आमचं मुलुंड, कुठेही सकाळी सातला खाली उतरा. छपरावर पाटी मिरवणाऱ्या छोट्या गाड्या गल्लीगल्लीत फिरताना दिसतील. आत घामाघूम झालेला विद्यार्थी आणि शेजारी फोनवर बोलणारे ‘सर’. महिना-दीड महिन्यात त्या विद्यार्थ्याच्या हातात पक्कं लायसन्स पडतं. गाडी मात्र त्याने चालवलेलीच नसते, ती सरांनी चालवलेली असते.

या गाड्यांत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात. ते बसवणं नियमानेच बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे, कारण शिकाऊ माणूस गडबडला तर कुणाचा जीव जायला नको. पण आणीबाणीसाठी दिलेली ही पेडलं सर पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत दाबत राहतात. सिग्नल सुटला की सर आपला क्लच हळूहळू सोडतात आणि गाडी आपणच उचलली असं पोराला वाटतं. रिक्षा आडवी आली की ब्रेक सरांचा. “तू फक्त स्टेअरिंग सांभाळ, बाकीचं मी बघतो.” शिकायचं होतं ते सगळं त्या ‘बाकीच्या’त होतं, आणि त्याचेच तर पैसे मोजले होते.

माझी भाची असंच लायसन्स घेऊन आली. मुलुंड पश्चिमेला योगी हिल्सकडे जाताना चढावर पुढची गाडी थांबली, हिनेही थांबवली. पुढची निघाली तशी हिने ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी मागे सरकू लागली. मागे वीतभर अंतरावर रिक्षा. मी हँडब्रेक ओढला. ती गोंधळून म्हणाली, “मामा, हँडब्रेक पार्किंगला असतो ना?” पूर्ण फी भरून, परीक्षा पास होऊन आलेल्या मुलीचा हा प्रश्न होता. तिला बोल लावायचं मला काही कारण नव्हतं. तिला एकदाही चढावर नेलं नव्हतं.

तिला मी जे दाखवलं त्यात गुपित काही नाही. सपाट रिकाम्या जागेत, अ‍ॅक्सिलरेटरला अजिबात पाय न लावता, पहिल्या गिअरमध्ये नुसता क्लच हळूहळू वर येऊ द्यायचा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, गाडी किंचित थरथरते आणि पुढे सरकते. त्या ठिकाणी इंजिनाबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हीलला क्लच प्लेट टेकलेली असते. घाई केली की गाडी बंद पडते. पडू द्यावी, कारण त्या धक्क्यातूनच पायाला ती जागा कळते. ती कळली की चढ अवघड राहत नाही. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच त्या जागेपर्यंत वर, किंचित अ‍ॅक्सिलरेटर, बॉनेट जरासं उचललं गेलं की हँडब्रेक खाली. गाडी बोटभरही मागे येत नाही. एका रविवारच्या सकाळीच हे तिला जमलं.

सर हे का शिकवत नाहीत? कारण गाडी बंद पडली की वेळ जातो आणि पुढच्या गल्लीत पुढचा विद्यार्थी उभा असतो. अर्ध्या तासाच्या वर्गातली दहा मिनिटं त्याला आणायलाच जातात. आता नियम बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे खासगी गाडीचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं हवं आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १० तासांचं. रोज अर्धा तास धरला तर २१ दिवसांचे होतात साडेदहा तास. म्हणजे रोजचा पुरा अर्धा तास मिळाला तरच नियम जेमतेम पाळला जातो. रोजची दहा मिनिटं खाल्ली की उरतात सात तास. बाकीचे तीन तास विद्यार्थ्याच्या खिशातून चोरलेले असतात.

याच नियमांत परीक्षेत काय तपासायचं तेही लिहिलं आहे. तीव्र चढावर गाडी थांबवून, हँडब्रेक किंवा अ‍ॅक्सिलरेटर आणि पायब्रेक नीट वापरून, मागे न सरकता ती पुन्हा सुरू करता आली पाहिजे. उतारावर झटकन खालचा गिअर टाकता आला पाहिजे. इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना परीक्षेत होतं काय? सपाट जागा, ट्रेनिंग स्कूलचीच गाडी, शेजारी सर, त्यांचे पाय त्यांच्या पेडलवर, आणि काही मिनिटांत शिक्का. ही परीक्षा विद्यार्थ्याची म्हणायची की सरांची?

याहून घातक सवय लावली जाते ती ब्रेकची. गाडी बंद पडू नये म्हणून सर बजावतात, “आधी क्लच, मग ब्रेक.” क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो आणि इंजिन जो आपसूक रोध देत असतं तो नाहीसा होतो. गल्लीत हे खपून जातं. खंडाळ्याच्या नाहीतर कसाऱ्याच्या उतारावर सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याचा परिणामही हाच. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली. ब्रेक निकामी झाले असं आधी सांगितलं गेलं. पाहणीत ब्रेक शाबूत निघाले, आणि डिझेल वाचवायला उतारावर ट्रक न्यूट्रलमध्ये सोडल्याचं पुढे आलं. त्यात बचतही खरी नाही. आजच्या इंजिनांत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधनाचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहतं.

क्लचच्या या कटकटीवर उपनगरांत एक तयार उत्तर मिळतं: ऑटोमॅटिक घ्या. घरातल्या बाईला तर हमखास मिळतं, “तुला क्लच जमणार नाही.” ज्या नवऱ्याने कधी पाच मिनिटं शांत बसून शिकवलं नाही, तोच हे सांगतो. ऑटोमॅटिकला माझा विरोध नाही. एस. व्ही. रोडवर संध्याकाळी तिच्यासारखं सुख नाही. पण आपला कायदा दुचाकीसाठी गिअरची आणि बिनगिअरची अशी वेगवेगळी लायसन्स देतो आणि चारचाकीला मात्र असा भेद करत नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर क्लचची गाडी चालवता येत नाही. इथे ऑटोमॅटिकवर शिकलेला माणूस उद्या गावी काकांची क्लचची गाडी काढून घाटात उतरू शकतो, आणि तेही कायदेशीरपणे.

आणि क्लच नसला की शिकणं संपतं असंही नाही. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि माणसं चिरडली गेली. चालकाने आधी क्लच-गिअरच्या लहान बस चालवल्या होत्या, आणि या बिनक्लचच्या मोठ्या बसचं त्याला मिळालेलं प्रशिक्षण जेमतेम काही दिवसांचं होतं, हे नंतर समोर आलं. यंत्र बदललं की पायांना नव्याने शिकवावं लागतं. त्यात काटकसर केली तर किंमत रस्त्यावरून चालणारा मोजतो.

म्हणून परिवहन खात्याला माझं सांगणं आहे की नवा नियम नको, आहे तो पाळा. प्रत्येक परीक्षेच्या जागी एक चढ बांधा. परीक्षेच्या वेळी शिकवणाऱ्याला गाडीतून खाली उतरवा. दहा तासांची नोंद विद्यार्थ्याच्या सहीनिशी तपासा आणि ती खोटी निघाली तर त्या स्कूलचा परवाना रद्द करा.

आणि पोरांना पाठवणाऱ्या आईबापांनो, लायसन्स ‘करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. फी देण्याआधी विचारा: चढावर किती वेळा नेणार? गाडी बंद पडू देणार का? शेवटचा आठवडा तुमचे पाय पेडलपासून लांब राहणार का? उत्तर टाळलं तर एक पैसा देऊ नका. चढावर थांबलेली गाडी ज्याला स्वतःच्या पायांनी उचलता येत नाही, त्याला या गर्दीत गाडी घेऊन उतरायचा हक्क नाही, मग त्याच्या खिशात कुठलंही लायसन्स असो.