हॉस्पिटलचा कान कोण धरणार?

आरोग्य विम्याला स्वतंत्र नियामक हवा का, असं वेल्ह्यात विचारलं की लोक हसतात. आधी अँब्युलन्स वेळेवर येऊ दे, म्हणतात. हसोत बापडे. मला तर हा प्रश्न इथलाच वाटतो. तोरण्याच्या पायथ्याला कुणाच्या छातीत दुखायला लागलं, की नसरापूरमार्गे पुणं गाठायचं. भोरकरांनी कापूरहोळला हायवेला लागायचं. म्हणजे हप्ता जातो भाताच्या आणि दुधाच्या पैशातून, बिल येतं पुण्याच्या दराने.

माझ्या चुलत्यांची पॉलिसी पाच लाखांची होती. बिल दोन लाखांच्या आत. तरी घरच्यांना पन्नासेक हजार भरावे लागले. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला तीन हजार होती, मिळालेली खोली पाच हजारांची. तुम्हाला वाटेल, वरचे दोन हजार आपण भरायचे. तसं नसतं. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं, हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. औषधं, तपासण्या आणि आयसीयू यांना ही कात्री लावता येत नाही, एवढीच सूट. कंपनी म्हणाली, अटी वाचा. हॉस्पिटल म्हणालं, स्वस्त खोली रिकामी नव्हती. आता भांडायचं कुणाशी?

सध्याचा नियामक म्हणजे 1999 च्या कायद्याने आलेली, हैदराबादेतली आयआरडीएआय. आयुर्विमा, मोटार, आग, जहाजं आणि आपलं आजारपण, सगळं तिच्याकडे. तिने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जाला एका तासात उत्तर आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची आहे. चांगलं आहे. पण हे बंधन कंपनीवर. हॉस्पिटलने काय दर लावावा, हे आयआरडीएआय सांगूच शकत नाही, कारण राज्यघटनेत विमा केंद्राकडे आहे आणि रुग्णालयं राज्याकडे. राज्याकडे आहे 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. त्याचे 2021 चे सुधारित नियम दरफलक लावायला सांगतात, दर किती असावा ते नाही. गाडी ठोकली तर चार गॅरेजांत भाव विचारता येतो. छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन कोण भाव विचारत फिरणार?

पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीने नाकारल्यापासून वर्षभरात जाता येतं. जरूर जा. पण तिथेही समोर कंपनीच असते, हॉस्पिटल नाही.

विरोधक म्हणतात, स्वतंत्र नियामक म्हणजे निवृत्त सचिवांसाठी आणखी एक खुर्ची. टोमणा अगदीच खोटा नाही. ऑस्ट्रेलियाने तर आपलं वेगळं मंडळ 2015 मध्ये मोठ्या नियामकात विलीन केलं. पण तिथे प्रत्येकाच्या पाठीशी सरकारी मेडिकेअर आहे, खासगी विमा वरचा. दक्षिण आफ्रिकेत खासगी वैद्यकीय योजनांवर वेगळी परिषद आहे. आणि आपल्याकडे पेन्शनसाठी पीएफआरडीए वेगळी चालते, मग आजारपणानेच काय पाप केलंय?

राज्याला दर ठरवता येत नाहीत, हेही सांगू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचारागणिक पॅकेज ठरलेलं असतं.

म्हणून नुसती नवी पाटी मला नको. केंद्र आणि राज्य दोघांनी अधिकार दिलेला नियामक हवा, ज्याच्यासमोर कंपनी आणि हॉस्पिटल दोघांनाही एकाच दिवशी उभं राहावं लागेल. खोलीभाड्याची कात्री किती लागणार, हे भरती करतानाच मराठीत, आकड्यासकट लिहून द्यायची सक्ती त्याने करावी. आणि तक्रारीची एक खिडकी भोरच्या तहसील कचेरीत, एक वेल्ह्यात. सरकारी कागदावर आता त्याला राजगड तालुका म्हणतात, तिथे.